सावलीच्या बाजूनं

आमचे नागपूरचे घरमालक मोटार डावीकडून चालवायचे नाहीत आणि उजवीकडूनही चालवायचे नाहीत. ते सावलीच्या बाजूनं चालवायचे. सावली डावीकडे पडली असली तर माणूस कायद्याला धरून, आणि उजवीकडे पडली असली तर बिनदिक्कत उजवीकडून. समोरून येणारे सायकलवाले, दूधवाले, रिक्षावाले त्यांना ओळखून होते, ते निमूट बाजूला व्हायचे. जे ओळखत नसत ते शिव्या घालायचे. त्यावर हे खिडकीतून हात हलवायचे, जसा काही समोरच्यानं रामराम घातलाय.

त्यांना सगळी गल्ली गार्डसाहेब म्हणायची, कारण उभा जन्म त्यांनी रेल्वेत गार्ड म्हणून काढला होता. सत्तरच्या दशकात मी बदली होऊन साताऱ्याकडून नागपुरात आलो, तेव्हा ते नुकतेच रिटायर झाले होते. धरमपेठेत त्यांचं बैठं घर होतं, पुढं अंगण, अंगणात ती काळी, जुनी विलायती मोटार, आणि मागच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. मी खोल्या बघायला गेलो तो वैशाखातल्या टळटळीत दुपारी. दार उघडल्यावर माझं नाव, गाव, जात, पगार, लग्न झालंय का, यांतलं त्यांनी काही म्हणजे काही विचारलं नाही. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "कांदा कुठी हाये?"

मला वाटलं कांदे घेऊन येणारा कोणी यायचा होता आणि त्यांनी मलाच तो समजलं. म्हटलं, "अहो, मी खोलीसाठी आलोय."

"ते समजलं. खिशात कांदा हाये का नाई? बिनकांद्यानं नागपूरच्या उन्हात फिरून राहिले? लू लागंन, मरसान ना बाप्पा!" आणि आत वळून ओरडले, "अवं, एक कांदा आण. सातारवाले आले."

त्या दिवसापासून मी सातारवाले झालो. उन्हाळाभर माझ्या खिशात कांदा असायचा आणि ऑफिसात माझ्या शर्टाला येणाऱ्या वासाचं कोणाला काही वाटायचं नाही, कारण बाकीच्यांच्या खिशातही होताच. गार्डसाहेबांच्या मोटारीलासुद्धा उन्हाळ्यात कांदा लागायचा. तो पुढच्या काचेच्या आत सुतळीनं लटकवलेला असे.

मी तसा चिडका माणूस. नियमाप्रमाणे चाललं की मला बरं वाटतं, आणि गार्डसाहेब माझ्या डोळ्यांसमोर दिवसातून दहा वेळा मला चिडायची संधी द्यायचे. त्यांचं मोटार काढणंच बघा. आधी चारी दारं ओढून बघायची. मग खिशातलं घड्याळ काढून बघायचं, जरी भाजीला निघाले असले तरी. मग तोंडात शिट्टी घालून ती कर्कश्श फुंकायची. मग सीटवर बसायचं, खिडकीतून हात बाहेर काढून हिरवी झेंडी हलवायची, ती स्वतःच मान वळवून नीट बघायची, गुंडाळून ठेवायची आणि मग कुठं गाडी चालू करायच्या मागं लागायचं.

एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो गार्डसाहेब, स्वतःच स्वतःला झेंडी कशाला दाखवता?"

"मंग कोणाले दाखवू? ड्रायव्हर कोण हाये? मीच. झेंडी पाह्यल्याबिगर ड्रायव्हरनं गाडी हालवली तं?"

"गार्डही तुम्हीच आहात ना?"

"म्हणूनच तं सांगून राहिलो. गार्ड हाये म्हणून दाखवतो, ड्रायव्हर हाये म्हणून पायतो." आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून निघून गेले.

मोटार का घेतली, याचं उत्तर मात्र त्यांनी सरळ दिलं होतं. म्हणाले, "साऱ्या जन्मात मी गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलो. जे दिसलं ते मागं जातानी दिसलं. आता म्हटलं पुढं बसून पाहू, काय येऊन राहिलं ते तं दिसंन." हे त्यांनी इतक्या आनंदानं सांगितलं की मला पुढं चिडता आलं नाही.

सावलीबद्दल विचारलं तर मात्र माणूस सरळ बोलायचा नाही. मला सांगितलं, इंजन तापते. दूधवाल्याला सांगितलं, डोळ्याले झळ लागते. चौकातल्या शिपायाला तर त्यांनी आपलं तत्त्वज्ञानच ऐकवलं होतं: "रस्ता सरकारचा हाये, मान्य. पण सावली झाडाची हाये. झाडानं चलान फाडलं तं आत्ता भरतो."

हा शिपाई गल्लीबाहेरच्या चौकात उभा असायचा. तेव्हा वाहतुकीच्या शिपायाच्या पट्ट्याला मागं छत्रीची दांडी अडकवलेली असे, म्हणजे दोन्ही हात मोकळे आणि डोक्यावर सावली. गार्डसाहेब उजवीकडून डुलत डुलत आले की तो हात आडवा करायचा.

"गार्डसाहेब, डावीकडून जा न जी! किती खेपा सांगू?"

"तू सोता छत्रीखाली उभा रायतं, अन् मले उन्हातून जा म्हंतं? वा रे वा!"

"माही छत्री सरकारी हाये जी."

"मंग मलेबी दे एक सरकारी. जातो डावीकडून."

अशी वादावादी चालू व्हायची. मागं रिक्षा तुंबायच्या, घंट्या वाजायच्या, बघे जमायचे, दोन्हीकडून सल्ले यायचे. शेवटी शिपाईच थकायचा आणि म्हणायचा, "जा बाप्पा, जा!" भांडणात गार्डसाहेबांना हरवलेला माणूस मी पाहिला नाही. काकूसुद्धा, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, भांडायच्या नाहीत. त्या नुसत्या "बरं जी" म्हणायच्या आणि करायचं तेच करायच्या.

पण एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. कधी कधी हाच माणूस चौकात ब्रही काढायचा नाही. मी एकदा सायकलवरून येताना स्वतः पाहिलं. शिपायानं अडवलं, तर यांनी ओठांवर बोट ठेवलं, गुपचूप लायसन्स बाहेर दिलं, चलान घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि निघून गेले. संध्याकाळी मी विचारलं, "आज एवढे मऊ कसे काय?" तर म्हणाले, "घसा बसला होता." घसा कसला बसतोय, त्याच वेळी ते अंगणातून गल्लीच्या टोकाच्या माणसाशी बोलत होते.

अशी मुकाट्यानं घेतलेली चलानं ते मोटारीच्या खडखडणाऱ्या काचेच्या फटीत घड्या करून खोचायचे. चलानं वाढत गेली तशी खडखड कमी होत गेली.

आता त्या मोटारीचं खरं काम सांगतो. आमच्या गल्लीतली कुठलीही बाई बाळंतपणाला जायची ती गार्डसाहेबांच्या मोटारीतून आणि बाळ घेऊन परत यायची तीही त्याच मोटारीतून. मागच्या सीटवर काकू सोबत. बाळंतिणीवर लोकांची नजर नको म्हणून काकूंनी जुन्या लुगड्याचे पडदे शिवून मागच्या खिडक्यांना लावले होते. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, आणि कोणी रिक्षानं दवाखान्यात गेलं तर गार्डसाहेब त्या बाईच्या नवऱ्याशी महिनाभर बोलत नसत. गल्लीतल्या बायकांनी यातून एक रीतच पाडली होती. दुसरीकडे डोहाळजेवणाला झोपाळा सजवतात, होडी करतात, चांदण्यात बसवतात. आमच्या गल्लीत मोटार सजवायचे. बॉनेटला हळदीकुंकू, दारांना झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर हिरव्या साडीतली गरोदरीण, आणि पुढं पोशाख करून, शिट्टी तोंडात धरून फोटोसाठी ताठ बसलेले गार्डसाहेब.

मी येऊन चार-पाच वर्षं झाल्यावर माझ्या बायकोचं, शालूचंही तसंच झालं. फाल्गुनात मोटारीतलं डोहाळजेवण झालं आणि दिवस भरणार होते वैशाखात. शालू पारशिवनीकडची. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, घरी वडील आणि भाऊ, दोघं शेतावर. बाळंतपणाला माहेरी जायचं तर माहेरी बाईमाणूसच नव्हतं. ती म्हणायची, काकूंचं घर तेच माझं माहेर, आणि काकाजींची मोटार तीच माझी माहेरची गाडी. गार्डसाहेबांना ती काकाजी म्हणायची. हे ऐकून त्यांनी मोटार पुन्हा एकदा धुवून काढली होती, धुतलेलीच.

आणि होळी झाली नाही तोच घरी पोलिस आला. कोर्टाची बोलावणी मागं येऊन गेली होती, गार्डसाहेब गेले नव्हते. आता हुकूम आला होता, की सगळी चलान-प्रकरणं कोर्टात मिटेपर्यंत यांचं लायसन्स निलंबित. पोलिसानं लायसन्स मागितलं, यांनी आतून आणून दिलं, वर त्याला ताक पाजलं. तो गेल्यावर लाल झेंडी काढली आणि मोटारीच्या बॉनेटला बांधली.

मी ऑफिसातून आलो तर हे मागच्या सीटवर हाताची घडी घालून बसलेले.

"सिग्नल पडला नाई," म्हणाले. "गाडी उभी हाये."

मी म्हटलं, "अहो, मग कोर्टात जा आणि मिटवून टाका! शालूचे दिवस भरत आलेत."

"कोर्टात जाऊन काय म्हणू?"

"चुकलो म्हणायचं, दंड भरायचा, सुटायचं. सगळं जग तेच करतं."

"अन् म्या चुकलोच नसंन तं? खोटं बोलू? न्यायाधीशासमोर?"

"उजवीकडून गाडी चालवणं ही चूक नाही?"

"रस्त्याले रूळ हायेत का सातारवाले? रूळ असते तं सोडले नसते म्या. रूळ नाई तं इकडून काय अन् तिकडून काय."

इथं माझं डोकं सटकलं. म्हटलं, "एवढं आहे तर मग लायसन्सवाचून काढा की गाडी! रस्त्याला रूळ नाहीत ना?"

ते खरोखर दचकले. "असं अभद्र बोलू नका. सिग्नल लाल म्हंजे लाल. लाल सिग्नलवर गाडी नेणारा गार्ड म्या पाह्यला नाई, अन् म्या होणारबी नाई."

म्हणजे बघा! उजव्या बाजूनं जाणारा हा माणूस, पण लायसन्स नाही म्हटल्यावर पुढच्या सीटला हात लावायला तयार नव्हता. दुसऱ्या कोणी चालवावी म्हटलं तर ती मोटार दुसऱ्याच्या हातानं चालूच व्हायची नाही. गल्लीतल्या दोघातिघांनी हँडल मारून मारून दंड सुजवून घेतले. मी चार दिवस गार्डसाहेबांशी बोललो नाही. नाक्यावरच्या एका रिक्षावाल्याला सांगून ठेवलं, की आमच्याकडून निरोप आला की ताबडतोब यायचं.

ते शालूला कळलं. पोळ्या झाल्यावर तवा उतरवून माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मले भीती वाटून राहिली. आई असती तं नसती वाटली. काकू अन् काकाजी, दोघंही संग असले तं नाई वाटणार." मी तिचा हात हातात घेतला. भीती मलाही वाटत होती, पण नवऱ्यानं ते बोलायचं नसतं असं मला तेव्हा वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो आणि अंगणातून गार्डसाहेबांचा आवाज आला, "उतर वं पोरी, उतर!" बाहेर येऊन बघतो तर शालू उशी आणि पाण्याचा तांब्या घेऊन मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेली. दार आतून लावून घेतलेलं.

"मी गाडीत बसली, काकाजी. आता गाडी सुटंन तवाच उतरीन."

"गाडी नाई सुटत ना! सिग्नल कुठी हाये?"

"मंग सिग्नल आणा."

काकूंनी हे ऐकलं, "बरं जी" म्हणाल्या आणि पदर खोचून दुसऱ्या दारानं आत जाऊन शालूशेजारी बसल्या. शेजारच्या मावशी वाटीत फुटाणे घेऊन आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. बातमी गल्लीभर गेली. ज्यांची ज्यांची बाळं त्या मोटारीतून घरी आली होती त्या एकेक येऊन मोटारीभोवती उभ्या राहिल्या, काही कडेवर पोरं घेऊन. गार्डसाहेब मोटारीभोवती फेऱ्या मारत होते आणि प्रत्येक खिडकीतून एक बाई त्यांच्याकडे बघत होती.

सकाळी मोटारीवर कडुनिंबाची सावली असायची. ऊन चढलं तशी ती सावली सरकली. आधी बॉनेट उन्हात आलं, मग पुढची काच. गार्डसाहेब एकदा झाडाकडे बघत, एकदा मोटारीकडे.

"पोरी, ऊन येऊन राहिलं. उतर आता, माही माय."

शालू म्हणाली, "गाडी सावलीत घ्या ना, काकाजी."

गार्डसाहेबांनी अंगणाकडे नजर टाकली. सावली अंगणाच्या दुसऱ्या कडेला गेली होती, हाकेच्या अंतरावर. तिथवर न्यायची तर गाडी हलवायला हवी, आणि बॉनेटवर तर लाल झेंडी. मागच्या सीटवर आठ महिने भरलेली पोर आणि तिच्या गुडघ्यापर्यंत ऊन आलेलं. मी म्हटलं, "आम्ही ढकलतो." तर म्हणाले, "ढकललेली गाडीबी चाललेलीच असते." आणि मग एकदम घरात गेले. बाहेर आले ते गार्डाचा पांढरा कोट आणि टोपी घालून.

"चला सातारवाले," म्हणाले. "कोर्ट कुठी हाये?"

बायकांनी असा गिल्ला केला की झाडावरचे कावळे उडाले.

त्या दिवशी नुसती तारीख मिळाली, पुढच्या आठवड्यातली. तारखेला आम्ही तिघं गेलो, ते, काकू आणि मी. वरती पंखा कुरकुरत होता, न्यायाधीश घामानं वैतागलेले, आणि एका बाजूला आमचा चौकातला शिपाई साक्षीला बोलावलेला, छत्रीवाचून उघडा उघडा दिसणारा. कारकुनानं एका दमात वाचलं: अमुक चौक, उजवी बाजू. अमुक चौक, उजवी बाजू. सगळं तेच.

"कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"उजवीकडून गेलो, कबूल. चुकलो, हे कबूल नाई."

"असं अर्धं अर्धं चालत नाही. कबूल नसेल तर साक्षी-पुरावे होतील. जुलै उजाडेल."

जुलै! मी मागून गार्डसाहेबांचा कोट ओढला, त्यांनी माझा हात झटकला. न्यायाधीश म्हणाले, "उजवीकडूनच का जाता तुम्ही?"

"सावली होती."

कोर्टात हशा झाला. न्यायाधीश काही हसले नाहीत. आणि तेवढ्यात काकू उभ्या राहिल्या. त्यांना बाहेरच्या माणसासमोर उभं राहून बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, म्या सांगू का जी? मी याहीची बायको. मांगच्या सीटवर मीच रायतो." आणि कारकुनाला म्हणाल्या, "वाचा दादा, पुन्यांदा एकेक वाचा."

काय वाटलं कोण जाणे, न्यायाधीशांनी कारकुनाला मान हलवून वाच म्हणून सांगितलं. त्यानं वाचलं, एप्रिल महिना, सकाळची वेळ, उजवी बाजू.

"तो गल्लीतल्या वकीलबाईचा मुलगा. आता शाळेत जाऊन राहिला."

मे महिना, सकाळ, उजवी बाजू.

"त्या जुळ्या पोरी जी. एक माह्या मांडीवर होती, एक आईच्या."

पुन्हा मे.

"हे दळणवालीचं पोट्टं. लय रडकं."

कोर्ट आता हसत होतं ते वेगळ्या रीतीनं. कारकून वाचत होता आणि काकू एकेक बाळ सांगत होत्या. एका चलानाला मात्र त्या थांबल्या आणि खाली बघू लागल्या. तर आमचा शिपाईच खाकरला.

"साहेब," तो म्हणाला, "हे... हे माह्या पोराचं हाये जी."

"म्हणजे?"

"मी डूटीवर होतो. याहीनं माह्या बायकोले दवाखान्यातून घरी आणलं. पडदे लावले होते, मले काय माहीत आत कोण हाये? म्या चलान फाडलं. घरी गेलो तवा समजलं. पण चलान तं तवा वर गेलं होतं जी." आणि तो गार्डसाहेबांकडे वळून जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "तुम्ही एक शब्द बोलले असते तं! रोज तं इतके भांडता माह्यासंग!"

"कसा बोलू गा?" गार्डसाहेब म्हणाले. "बाळंतीण झोपली होती. तुह्यासंग भांडलो असतो तं पोट्टं उठलं असतं."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. रिकाम्या गाडीत हा माणूस चौक डोक्यावर घ्यायचा आणि म्हणून सुटायचा. आत बाळ झोपलेलं असलं की ओठांवर बोट ठेवून चलान घ्यायचा. कोर्टातली सगळी प्रकरणं त्या मुक्या दिवसांची होती. आणि मी त्यांना काय काय बोललो होतो!

"पण सावलीच का?" न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा हळू.

गार्डसाहेब टोपी फिरवत उभे. काकूच म्हणाल्या, "आमची पोरगी झाली तवा तिले टांग्यातून घरी आणलं जी, वैशाखात. हे टांग्यात पुढं बसून राहिले, उन्हाकडे ध्यानच नाई. पोरीच्या अंगावर घामोळं आलं. माह्या आईनं याहीले असं झाडलं, असं झाडलं! मरेपरेंत झाडत होती. तवापासून हे सावली पायतात."

या वेळी न्यायाधीशही हसले. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे बघा गार्डसाहेब, कोर्ट तुम्हाला चुकलात का म्हणून विचारत नाही. कुठल्या बाजूनं गेलात ते विचारतं. बाजू कबूल?"

गार्डसाहेबांनी विचार केला. "बाजू कबूल."

"लिहून घ्या, बाजू कबूल." हलकासा दंड झाला. मग न्यायाधीशांनी बोट उगारलं. "पण यापुढे डावीकडून. बाळ असो, ऊन असो. पुन्हा असं आलं तर लायसन्स कायमचं जाईल. शब्द द्या."

"शब्द दिला. लाइन क्लिअर, साहेब?"

"क्लिअर," न्यायाधीश म्हणाले.

तरी आरटीओतल्या बाबूनं कोर्टाच्या कागदासाठी खेपा घालायला लावल्याच. लायसन्स हातात पडलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाच्या वेळेला शालूला कळा सुरू झाल्या. लाल झेंडी सुटली, शिट्टी वाजली, मोटार पहिल्या हँडलला चालू झाली. दवाखान्याचा रस्ता लांब, त्याच्या एकाच कडेला कडुनिंबांची रांग. सकाळी जाताना ती सावली डावीकडे पडते. कायदाही खूश, काकाजीही खूश. काकूंनी शालूला धरलं होतं आणि शालू मधेच कण्हत, मधेच हसत होती. मुलगी झाली. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात रडलो, आणि गार्डसाहेबांनी माझ्या खिशात नवा कांदा घातला.

घरी सोडलं ते डॉक्टरीणबाईंचा सकाळचा फेरा आटोपल्यावर, भर वैशाखात. परतीच्या वाटेवर त्या वेळी सावली उजवीकडे. गार्डसाहेबांनी शिट्टी अगदी हळू फुंकली, स्वतःला झेंडी दाखवली आणि गाडी डावीकडे घेतली. उन्हात. शब्द दिलेला होता.

त्यांच्या शेजारी बसून मी त्यांच्याकडे बघत होतो. कान लाल झालेले, मानेवरून घाम निथळतोय, आणि नजर पुन्हा पुन्हा उजवीकडच्या गार सावलीकडे जातेय, उपाशी माणसाची पंगतीकडे जावी तशी. लुगड्याचा पडदा लोकांची नजर अडवायचा, ऊन नाही. काकूंनी पदर धरला होता. बाळ कुरकुरायला लागलं. तेव्हा गार्डसाहेब कधी नव्हे ते पुटपुटले, "सातारवाले, शब्द द्यायले नव्हता पायजे म्या."

"दिलात म्हणून तर आम्ही गाडीत बसलोय, काकाजी," मी म्हटलं. त्यांना काकाजी मी पहिल्यांदाच म्हणत होतो.

चौक आला आणि शिपायानं हात आडवा केला.

"आता काय गा?" गार्डसाहेब खेकसले, पण दबक्या आवाजात. "डावीकडूनच तं येऊन राहिलो!"

शिपाई मागच्या खिडकीशी आला, पडद्याची कड बोटानं जराशी सारली आणि आत बघितलं. मग पट्ट्याला अडकवलेली छत्री सोडवली. दोन्ही बाजूंची वाहतूक हातानं थांबवली, चौक तसाच देवाच्या भरवशावर सोडला, आणि उन्हाच्या बाजूला येऊन मागच्या खिडकीवर छत्री धरली.

"चला जी," म्हणाला. "हळू घ्या."

ती छत्री फार तर अर्धी खिडकी झाकत होती, खोटं कशाला सांगू. पण ती बरोबर बाळाच्या तोंडावर होती. गार्डसाहेबांनी गाडी त्याच्या पावलांच्या चालीनं घेतली. तो घामानं भिजलेला, टोपीखाली कपाळ तापलेलं, आणि आमच्या शेजारून चालतोय. मागं रिक्षा, सायकली, एक ट्रक, सगळे ओळीनं, आणि कोणी घंटी वाजवेना. बाळ गप्प झालं. शालू मागून म्हणाली, "झोपली वं काकू, झोपली," आणि काकूंना हुंदका आला.

गल्लीच्या तोंडाशी शिपाई थांबला. त्याची हद्द तिथवरच होती. आत बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या दिसत होत्या. गार्डसाहेबांनी गाडी थांबवली. शेजारची हिरवी झेंडी उचलली, हात बाहेर काढला, आणि स्वतःला दाखवायच्या ऐवजी ती शिपायाच्या हातात दिली.

"दाखव गा," ते म्हणाले.

शिपायानं एका हातात छत्री धरली आणि दुसऱ्या हातानं झेंडी उंच करून हलवली, अगदी स्टेशनावर हलवतात तशी. गार्डसाहेब ती मान वळवून नीट बघत राहिले. साऱ्या जन्मात त्यांनी दुसऱ्यांना झेंड्या दाखवल्या होत्या. त्यांना ती कोणी दाखवली नव्हती. त्यांचे डोळे भरून आले, आणि तशाच भरल्या डोळ्यांनी त्यांनी गाडी गल्लीत घेतली, डावीकडून.